वाशीला भाजी घेऊन आलेली गाडी रिकामी परत जाते, तिचं काय करता येईल?

ओतूरची_लेक | १४ जानेवारी, रात्री ९.५०

माहेर जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ, संसार भांडुपमध्ये. दोन्हीकडचं पाहून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती इथे मांडते. शेती, खत, माती यांतलं कळणाऱ्यांनी जरूर बोला.

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. मृदा आरोग्य पत्रिका हातात आली होती आणि त्यातल्या एका आकड्याचा अर्थ त्यांना विचारायचा होता. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत आलेला कार्बन, ०.३८ टक्के, पुढे शेरा 'कमी'. मी वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुझे आजोबा नांगर धरायचे तेव्हा मागे बगळे चालायचे. आता ट्रॅक्टर फिरतो, बगळा एक येत नाही." नांगराच्या तासात गांडुळं निघायची म्हणून बगळे यायचे. गांडुळं गेली, बगळे गेले. पत्रिकेतला आकडा त्यांना आधीच माहीत होता, फक्त असा कागदावर पाहिला नव्हता.

आमचं रान अडीच एकर. मेथी, कोथिंबीर, कांदा, पावसाळ्यात थोडा टोमॅटो. माल संध्याकाळी पिकअपमध्ये भरतात, गाडी माळशेज उतरून कधी कल्याणला तर कधी वाशीला जाते. शनिवारी मी भांडुप स्टेशनबाहेर मेथी घेते. मुळांना चिकटलेली माती पाहून ती आमच्या बाजूची असावी असं वाटतं आणि नळाखाली धुवायला हात धजत नाही.

आमच्या सोसायटीत १८० घरं आहेत. महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना, ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. आम्ही त्यात थोडक्यासाठी बसत नव्हतो, तरी चार-पाच जणींनी नेट लावून खत सुरू केलं. दिवसाला ८०-९० किलो ओला कचरा, त्याचं साधारण २० किलो खत होतं. बागेला लागतं त्याच्या कितीतरी पट. आज पार्किंगमध्ये १४ गोण्या नुसत्या पडून आहेत. आणि तिकडे बाबा शेणखताची ट्रॉली कुठे मिळते का म्हणून तीन गावं फिरलेत. बैल गेले, गाई एक-दोन राहिल्या, शेण येणार कुठून?

भाजीची गाडी वाशीहून रिकामी परत जाते. तिच्यात या गोण्या घातल्या तर? कोणी करून पाहिलंय का? पाठवण्याआधी काय तपासावं?

---

चेंबूरची_गच्ची | १४ जानेवारी, रात्री १०.३५

ताई, तुमच्या सोसायटीतल्या बायकांना मनापासून नमस्कार. मी देवनारच्या वाऱ्याच्या दिशेला राहतो. तिथे १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये ती आग लागली तेव्हा आम्ही कित्येक दिवस खिडक्या बंद करून बसलो होतो, माझ्या आईला श्वास घेता येईना. ढिगाखाली दाबलेला ओला कचरा हवेविना कुजतो, त्याचा मिथेन होतो आणि तो पेटतो. तीच देठं, तीच सालं हवा लागेल अशी कुजवली तर खत होतं.

पाठवायच्या गोण्यांबद्दल मला अनुभव नाही, पण गच्चीवर १२ वर्षं पिकवतोय. एक सांगतो, नुसता स्वयंपाकघरातला कचरा घालू नका. त्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) जास्त, म्हणून घाण वास येतो. सुका पाला मिसळा. पिंपळ, बदाम, रेन ट्री यांचा पाला मुंबईत हवा तेवढा पडतो आणि लोक कोपऱ्यात तो जाळतात. नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब असेल असं मिश्रण जमलं की ढीग आतून हाताला चटका बसेल इतका तापतो आणि वास येत नाही.

---

नारायणगावचा_टोमॅटो | १५ जानेवारी, सकाळी ६.१०

मी शेतकरी आहे, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शहरातलं खत मी एकदा घेतलं आहे. कोणाकडून ते सांगत नाही. ट्रॉली रिकामी केली आणि दुसऱ्या दिवशी कुळवताना बाईचा पाय कापला. दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, बाटलीची काच, दाढीचं पातं, सगळं निघालं. चार वर्षं झाली, अजून खुरपताना प्लास्टिक वर येतं. तुमच्याकडे एक पिशवी चुकून पडते, आमच्याकडे ती जन्मभर राहते.

दुसरा हिशोब पैशाचा. तुमचं खत वर्षाला समजा सात टन. नत्र एक टक्का धरा, म्हणजे ७० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २० किलो नत्र असतं आणि ती २६६ रुपये ५० पैशांना मिळते. साडेतीन गोण्यांत तुमचं अख्ख्या वर्षाचं नत्र आलं, हजार रुपयांच्या आत. सात टन माल घाट चढवून न्यायला काय खर्च येईल, तो तुम्हीच काढा.

कळकळीने लिहिलंय. तुमच्या बाबांना फसवणूक नको व्हायला.

---

ओतूरची_लेक | १५ जानेवारी, दुपारी १.२०

दादा, राग कसला? कापलेल्या पायाचं वाचून पोटात खड्डा पडला. आज संध्याकाळीच एक गोणी ओतून बघते.

---

मृदगंध_दापोली | १५ जानेवारी, रात्री ८.१५

कृषी विद्यापीठात मृदशास्त्र शिकवून निवृत्त झालो. नारायणगावच्या भाऊंचा नत्राचा हिशोब अगदी बरोबर आहे. नत्रासाठी कंपोस्ट नेणं परवडत नाही आणि ते नत्रासाठी न्यायचंही नसतं.

युरिया पिकाला जेवू घालतो, मातीला नाही. जमिनीतले जिवाणू, बुरशी, गांडुळं कर्बावर जगतात. चमचाभर जिवंत मातीत पृथ्वीवरच्या माणसांहून जास्त सूक्ष्मजीव असतात आणि ते कण धरून ठेवणारा डिंक तयार करतात. त्या डिंकाने मातीची रवाळ घडण होते. घडण असली की पाऊस मुरतो, हवा खेळते, वाफसा (जादा पाणी मुरून जमीन बेताची ओलसर राहते ती स्थिती) लवकर येतो आणि जास्त टिकतो. चांगल्या मातीचा निम्मा भाग पोकळीच असतो, अर्ध्यात पाणी, अर्ध्यात हवा. कर्ब संपला की ती पोकळी दबते. मग त्याच पिकाला पाणी जास्त लागतं, युरिया जास्त लागतो, दिलेला युरियाही पाण्याबरोबर वाहून जातो. तीस वर्षांपूर्वी एका गोणीत येणारं पीक आज दोन गोण्यांत येत नाही, असं शेतकरी सांगतात त्याची मुळं इथे आहेत.

आता ०.३८ चं बघू. ०.५० च्या खाली कमी, ०.७५ पर्यंत मध्यम, त्यापुढे भरपूर. तुमच्या वडिलांना निदान मध्यममध्ये यायचं तर ०.१२ वाढवायचं आहे. आकडा चिमुकला वाटतो. पण एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन २० लाख किलोच्या वर असतं. तिच्यात ०.१ टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे दोन टन निव्वळ कर्ब मातीत टिकायला हवा. दहा टन कंपोस्टमध्ये तो दीड-दोन टन असतो आणि आपल्या उन्हात त्यातला मोठा भाग जिवाणू खाऊन हवेत सोडतात. म्हणजे एका वर्षात काही होणार नाही. आठ-दहा वर्षं नेमाने घालावं लागेल. त्याच्या जोडीला ताग-धैंचा हिरवा असतानाच जमिनीत गाडणं, बेवड (पिकांची फेरपालट) सांभाळणं, पाचट न जाळणं हेही लागेल. एवढी तयारी असेल तरच सुरुवात करा.

तपासायचं काय, तर तीन गोष्टी. पहिली क्षारता. शिजलेल्या अन्नातलं मीठ खतात येतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची विद्युत वाहकता (क्षार जास्त तितकी ही जास्त) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर नसावी असं आहे. उरलेली आमटी, लोणची, खारवलेलं काही कुंडीत टाकू नका. दुसरी जड धातू, शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत आणि कॅडमियम ५ च्या आत हवं. घरगुती ओला कचरा पहिल्यापासून वेगळा ठेवला असेल तर हे सहसा आटोक्यात असतं, मिसळलेला कचरा मागाहून निवडला की बिघडतं. एकदा तरी प्रयोगशाळेतून करून घ्या. तिसरी तपासणी घरीच होते. एका वाटीत खत, दुसरीत साधी माती, दोन्हींत वीस-वीस हळीव पेरा. चार-पाच दिवसांत खतातले हळीव मातीतल्यांच्या बरोबरीने उगवले तर खत मुरलंय. पिवळे पडले, कोमेजले तर अजून महिनाभर थांबा. कच्चं खत रानात गेलं तर ते पिकाचंच नत्र ओढून घेतं.

---

कर्जत_भात | १५ जानेवारी, रात्री ११.०५

काकांनी वरच्या १५ सेंटिमीटरचा विषय काढला म्हणून लिहितो. मुंबई आमची माती भाताच्या रूपात नेते ते ठीक, पण ती माती थेटही नेते. वीटभट्टी.

कर्जत, मुरबाड, भिवंडी, वाडा, कुठेही दिवाळीनंतर फिरा. भात कापला की भट्टीवाला येतो आणि खाचराची वरची फूटभर माती मागतो. शेतकऱ्याच्या घरी लग्न असतं, दवाखाना असतो, रोख पैसे समोर दिसतात. तो देतो. आमच्या शेजारच्यांनी दिली. खाली मुरूम लागला. पुढच्या पावसात खाचरात पाणी ठरेना, लावणी केली ती पिवळी पडून गेली. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि ती दोन दिवसांत ट्रकमध्ये भरून जाते. भट्टीवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांना त्यातून काय मिळतं तो तर वेगळाच विषय, त्यावर स्वतंत्र धागा काढायला हवा.

१९९९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली, औष्णिक वीज केंद्रांची राख विटांत वापरा आणि सुपीक माती वाचवा म्हणून. राखेच्या विटा आज सर्रास मिळतात. इथे कोणी घर बांधत असेल, सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल, तर बिल्डरला एवढं विचारा की वीट कशाची वापरणार. ग्राहकाने विचारलं तर फरक पडतो, मी पाहिलंय.

---

वसईची_वाडी | १६ जानेवारी, सकाळी ७.३०

वाचतेय, अस्वस्थ होतेय. आमच्याकडे माती कोणी खणून नेली नाही, तिच्यावर इमारती उभ्या केल्या. फादर दिब्रिटोंच्या हरित वसईच्या मोर्चांत माझे आई-बाबा चालले होते, मी आईच्या कडेवर होते. त्या लोकांनी अडवलं म्हणून आज पश्चिमेला थोड्या वाड्या दिसतात.

लोकांना वाटतं वसईची माती मुळातच सुपीक. नाही हो. समुद्राकाठची रेताड जमीन ती. आमच्या पणजोबांनी मासळीचं खत, पेंड, शेण, पाला घालून ती वाडी केली. केळी, पानवेल, फुलं त्या मातीवर आली. राजेळीची सुकेळी आजही आई उन्हात वाळवते. मुंबईच्या दादर-फुलबाजारात गेलेल्या टोपल्या अशा हाताने घडवलेल्या मातीतून आल्या. माझा मुद्दा एवढाच की माती घडवता येते, आमच्या माणसांनी घडवली. दापोलीच्या काकांनी आठ-दहा वर्षं म्हटलंय ते मला कमीच वाटतं, पण होतं हे नक्की.

टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या आणि पाणी खारं झालं तेव्हा काही वाड्या दोन पावसाळ्यांत गेल्या. घडवायला तीन पिढ्या लागल्या होत्या.

---

अलिबागचा_कांदा | १६ जानेवारी, सकाळी ९.४५

अनुमोदन. एक भर घालतो. आमच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो गोड आहे, डोळ्यांत पाणी आणत नाही, याचं एक कारण आमच्या मातीत गंधक कमी. तेच बी घाटावर लावा, ती चव येत नाही. घोलवडच्या चिकूचंही तसंच, तिथल्या मातीतल्या चुन्याला त्याचं श्रेय देतात. मुंबईकर जूनमध्ये कांद्याच्या माळा घेतो तेव्हा तो माती विकत घेत असतो, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो.

---

कुर्ला_धीमी | १६ जानेवारी, संध्याकाळी ७.००

थोडा वेगळा प्रश्न, मृदगंध काकांना. रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, भेंडी दिसते. रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' म्हणून त्या जमिनी दिल्या होत्या. कुठेकुठे पाणी नाल्याचं असतं हे डोळ्यांनी पाहिलंय. माझी आई तिथलाच पालक आणते, स्वस्त आणि ताजा. थांबवू का?

---

मृदगंध_दापोली | १६ जानेवारी, रात्री ८.४०

पिकवणाऱ्या माणसांचं पोट त्यावर आहे, म्हणून सरसकट वाईट म्हणणार नाही. माती आणि पाणी तपासल्याशिवाय कोणताच पट्टा चांगला किंवा वाईट ठरत नाही. पण धोका कुठे असतो ते सांगतो.

शिसं मातीतून जात नाही. आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, त्याआधी दशकानुदशकं जे रस्त्याकडेला पडलं ते अजून तिथेच आहे. पालेभाजी अशा जागी सर्वांत अडचणीची. पानांवर धूळ बसते, कॅडमियमसारखे धातू मुळांतून पानांत चढतात. भेंडी, वांगं, दुधी अशा फळभाज्यांत ते तुलनेने कमी पोचतात. नाल्याच्या पाण्याचा जंतूंचा धोका शिजवल्याने जातो, धातूंचा जात नाही. तेव्हा पालक-माठ दुसरीकडून आणा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

इथेही सेंद्रिय पदार्थ कामाला येतो बरं का. भरपूर कुजलेलं खत आणि आम्लता कमी असलेली माती शिसं घट्ट धरून ठेवते, पिकाला सहजी देत नाही.

---

पार्ले_पूर्व | १६ जानेवारी, रात्री ९.२०

सगळ्यांच्या गच्च्या वापरल्या तर बाहेरून भाजी आणायचीच कशाला? मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून केवढी बाग उभी केली. श्रीपाद दाभोळकरांचं तंत्र, स्वयंपाकघराचाच कचरा.

---

चेंबूरची_गच्ची | १६ जानेवारी, रात्री १०.१०

ती बाग पाहूनच मी सुरुवात केली, त्यामुळे आदर पूर्ण आहे. पण १२ वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, माझ्या ४०० चौरस फुटांत चौघांची हिरवी भाजी आठवड्यातून दोन दिवस निघते. कांदा नाही, बटाटा नाही, धान्य तर नाहीच. २०११ च्या जनगणनेतच मुंबई सव्वा कोटीला टेकली होती. ही माणसं नाशिक, जुन्नर, साताऱ्याच्या मातीवर जगतात. गच्ची करावी, जरूर करावी, माती हातात घेतली की कळायला लागतं. पण गच्चीकडे बोट दाखवून ओतूरच्या शेताकडे पाठ फिरवायची नाही. ताईंचा प्रश्न गाडीचा आहे, तिथे परत या.

---

ओतूरची_लेक | २ फेब्रुवारी, रात्री ९.००

उशिराबद्दल क्षमा. त्या संध्याकाळी गोणी ओतली. एका गोणीत सात प्लास्टिकचे तुकडे, दोन रबरबँड, चहाच्या पिशव्यांच्या पिना आणि फुटलेल्या बरणीची एक काच. आम्ही स्वतःला फार नीटनेटक्या समजत होतो. बाकीच्या १३ गोण्याही ओतल्या. तीन रविवार पाच जणींनी चाळलं. हळीव पेरले: जुन्या नऊ गोण्यांतले छान उगवले, नव्या पाचांतले पिवळे पडले, त्या मागे ठेवल्या. वाहकता २.९ आली.

गाडीवाले काका गोणीला २० रुपये म्हणाले. घाट चढायचा असतो, त्यांचंही खरं आहे. नऊ गोण्या गेल्या.

बाबांना मृदगंध काकांचं सगळं वाचून दाखवलं. आठ-दहा वर्षं म्हटल्यावर म्हणाले, "मग मी लावतो, तुझा भाऊ बघेल." अर्ध्या गुंठ्यात खत घातलंय, शेजारच्या अर्ध्यात नाही. दोन्हीकडे मेथी.

---

नारायणगावचा_टोमॅटो | ३ फेब्रुवारी, सकाळी ५.५०

वाचलं. दोन्हीकडे पाणी मोजून द्यायला सांगा, नाहीतर तुलना चुकते.

---

ओतूरची_लेक | ११ मार्च, रात्री ९.३०

मेथी निघाली. जुड्या दोन्हीकडे जवळपास सारख्या, पानांत काही फरक दिसला नाही. काकांनी सांगितलंच होतं, म्हणून कोणी खट्टू झालं नाही. पण बाबांनी दोन गोष्टी सांगितल्या. खताच्या अर्ध्यात एका पाण्यानंतर वाफसा दीड दिवस जास्त राहिला. आणि मेथी उपटताना तिकडची मुळं सुटून आली, इकडची ढेकळासकट निघाली.

एवढं चाळूनही एक काच सापडली. बल्बची, नखाएवढी. बाबांनी ती कागदात गुंडाळून मेथीच्या पिशवीतून माझ्याकडे पाठवली. आम्ही ती पारदर्शक पाकिटात घालून लिफ्टजवळच्या फलकावर लावली आहे, खाली तारीख आणि 'ओतूर' एवढंच. त्या आठवड्यापासून ओल्याच्या डब्यात काच आलेली नाही.

हिशोब मात्र सांगायला हवा. १८० घरांचं वर्षाचं खत सात टन आणि बाबांच्या अडीच एकराला वर्षाला दहा टन लागेल. म्हणजे आमची अख्खी सोसायटी मिळून एका शेतकऱ्याला पुरी पडत नाही. शेजारच्या दोन सोसायट्यांशी बोलणं चालू आहे.

पुढची खेप २९ तारखेला, पावसाआधी दोन तरी पाठवायच्या आहेत. येत्या रविवारी सकाळी ८ ला चाळायला बसतोय. भांडुप-मुलुंड-कांजूरमधलं कोणी येणार का?

---

नारायणगावचा_टोमॅटो | १२ मार्च, सकाळी ६.००

त्या दिवशी माझी गाडी वाशीला असेल. परतताना भांडुपला थांबवतो. चार गोण्या मला द्या, जुन्यातल्या. २० रुपये नकोत.

---

कुर्ला_धीमी | १२ मार्च, सकाळी ९.१५

मी आणि आई दोघं येतो. चाळणी आणू की तुमच्याकडे आहे?

---

ओतूरची_लेक | १२ मार्च, सकाळी ९.४०

दोन आहेत, पण भोकं मोठी आहेत, त्यातूनच ती काच निसटली. बारीक जाळीची असेल तर नक्की आणा. हातमोजे इथे मिळतील.